मुलगी मिस्साला येत नाही, पण स्क्रीनवरचा फादर बघून रडते

"नमस्कार मॅडम. आम्ही कॅथलिक. घरात रोज रात्री रोजरी होते, रविवारची मिस्सा मी आजारी असल्याशिवाय कधी चुकवलेली नाही. मुलगी १९ वर्षांची आहे, दीड वर्ष झालं मिस्साला येत नाही, कंटाळा येतो म्हणते. पण रात्र रात्र जागून ज्या सिरीज बघते त्यात जिथे बघावं तिथे फादर, सिस्टर, क्रूस, मेणबत्त्या. मागच्या महिन्यात मी तिच्या खोलीत गेले तर लॅपटॉपवर कन्फेशन बॉक्समध्ये एक फादर एका बाईचं चुंबन घेत होता. मी लॅपटॉप फाडकन बंद केला आणि तोंडाला येईल ते बोलले. ती म्हणाली, आई, याच्या आधीचं तिचं बोलणं ऐकून मी रडत होते, चर्चमध्ये मला आजवर एकदाही रडू आलेलं नाही. तेव्हापासून आमच्यात कामापुरतं बोलणं आहे. टीव्हीवाले आपल्या धर्माची टिंगल करतात असं मला वाटतं, तिला वाटतं आईला काही कळत नाही. लंडनच्या गरीब वस्तीत बाळंतपणं करणाऱ्या सिस्टरांची सिरीज आम्ही दोघी मिळून बघायचो, आपल्या सिस्टर किती छान दाखवल्यात त्यात, तेही आता बंद. तिचं हे सगळं बघणं बंद करू का? – एक आई"

ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तुमच्या मुलीच्या त्या वाक्यापाशी अडले. चर्चमध्ये मला कधी रडू आलं नाही. तुम्हाला ते चर्चवरचं बोट वाटलं असणार, कुठल्याही आईला वाटेल. मला मात्र वाटतं की त्या क्षणी ती तुम्हाला स्वतःबद्दल काहीतरी सांगत होती, आणि नेमकं तेव्हाच लॅपटॉप बंद झाला.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. बंद करू नका. १९ वर्षांच्या मुलीचं बघणं बंद करता येतही नाही म्हणा, ती पांघरुणात फोन घेऊन हेडफोन लावून बघेल आणि मग ती काय बघते हेसुद्धा तुम्हाला कळणार नाही. पण मी नको म्हणतेय त्याचं खरं कारण हे नाही. मी पण कॅथलिक आहे, मिस्सा मीसुद्धा चुकवत नाही, आणि टीव्ही भरपूर बघते, त्यामुळे या प्रश्नावर मी बाहेरून बोलत नाहीये. तुमच्या त्या रागातून मी गेलेली आहे.

तुम्ही सांगितलंय त्यावरून तो सीन फ्लीबॅग नावाच्या ब्रिटिश सिरीजच्या दुसऱ्या सीझनमधला आहे, बीबीसीवर २०१९ मध्ये आला होता. तुम्ही बघितलं ते शेवटचं मिनिट. त्याच्या आधी काय होतं ते सांगते. त्या बाईला सिरीजभर नाव नाही, फादरलाही नाही. ती श्रद्धाळू अजिबात नाही. आई गेलेली, जिवाभावाची मैत्रीण गेलेली, आणि मैत्रिणीच्या मरणात आपला हात आहे हे ओझं ती वाहतेय. रात्री रिकाम्या चर्चमध्ये येते, तिथे फादर दारू प्यायलेला, तो तिला कन्फेशन बॉक्समध्ये बसवतो, काय असेल ते बोल म्हणतो. आणि मग ती बोलत सुटते की सकाळी कुठले कपडे घालायचे, काय खायचं, काय आवडून घ्यायचं, कशाचा राग करायचा, कुणावर प्रेम करायचं, कशावर विश्वास ठेवायचा हे मला कुणीतरी सांगा, कारण मी आजवर सगळं चुकीचंच करत आलेय आणि मला भीती वाटते.

ताई, तुमची मुलगी १९ वर्षांची आहे. ती इथे रडली यात मला नवल वाटत नाही.

आता तुमची बाजू, कारण तुमचा धक्का खोटा नव्हता. कन्फेशन बॉक्समधली ती जाळी आहे ना, ती १६व्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी आपल्या चर्चेसमध्ये सक्तीची केली. कशासाठी, तर पापनिवेदनाला आलेल्या बाईमध्ये आणि धर्मगुरूमध्ये काहीतरी आड असावं, कुणी त्या जागेचा गैरफायदा घेऊ नये म्हणून. चर्चच्या कायद्यात आजही कन्फेशनच्या निमित्ताने कुणाला वाईट मार्गाला ओढणं हा धर्मगुरूचा अत्यंत गंभीर गुन्हा मानतात. म्हणजे तुम्हाला जे बघून अंगावर काटा आला त्यावर चर्चला चारशे वर्षांपूर्वीच काटा आला होता. आणि सिरीज लिहिणाऱ्यांनासुद्धा हे कळतं बरं का, कारण त्याच क्षणी भिंतीवरची एक तसबीर धाडकन खाली पडते आणि तो फादर घाबरून निघून जातो. तुम्ही लॅपटॉप आणखी थोडा वेळ उघडा ठेवला असता तर ते पडणंही दिसलं असतं.

पुढे काय होतं तेही सांगून टाकते. त्याच्याकडून ब्रह्मचर्याचं व्रत मोडतं, हे लपवत नाही. पण शेवटच्या भागात रात्री बस स्टॉपवर दोघं बसलेली असतात, ती त्याला सांगते माझं तुझ्यावर प्रेम आहे, तो म्हणतो हे निघून जाईल, आणि मग म्हणतो माझंही आहे, आणि उठून जातो. तो देवाला निवडतो. आणि तिथे सिरीज त्याची खिल्ली उडवत नाही, त्याला मूर्ख किंवा भित्रा दाखवत नाही. प्रेक्षक त्या बाईच्या बाजूने रडत असतो आणि तरी त्याला माहीत असतं की या माणसाने जे निवडलंय ते खरं आहे, त्याच्यासाठी त्याने काहीतरी दिलंय.

मी टीव्हीवरचे फादर-सिस्टर बघते तेव्हा हेच बघते. आधी मीसुद्धा फादर चांगला दाखवलाय की वाईट हे मोजायचे, चांगला दाखवला की सिरीज आपली, वाईट दाखवला की परक्यांची. त्याने काहीच हाती लागत नाही. आता मी एवढंच बघते की या माणसाच्या श्रद्धेमुळे त्याला काही सोडावं लागतंय का, तो एरवी वागला असता त्यापेक्षा वेगळा वागतोय का, की गळ्यातला क्रूस हा फक्त कपड्यांचा भाग आहे. असं बघायला लागलात की कुठली सिरीज श्रद्धेला खरंच ओळखते ते लगेच दिसतं, आणि कधीकधी ती अगदी अनपेक्षित सिरीज निघते.

द सोप्रानोज घ्या, अमेरिकेतली, १९९९ मध्ये सुरू झाली, न्यू जर्सीच्या माफियाची गोष्ट. मारामारी, शिव्या, सगळं आहे, तुम्ही पाच मिनिटं बघणार नाही. पण पहिल्याच सीझनमध्ये एक रात्र आहे, नवरा परगावी, बाहेर वादळ, आणि त्या माफियाची बायको कार्मेला घरी आलेल्या फादरजवळ सोफ्यावर बसून पापनिवेदन करते. नवरा काय करतो ते मला माहितीये, या घरात काय येतं ते माहितीये, आणि सुखासाठी मी गप्प बसलेय, असं ती कबूल करते. खरंखुरं रडते. फादर तिला कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, देतो. आणि सकाळी ती त्याच घरात त्याच पैशावर उठते. काही बदलत नाही. पुढे तिसऱ्या सीझनमध्ये एक ज्यू मानसोपचारतज्ज्ञ तिला तोंडावर सांगतो की मुलांना घे आणि निघ, हा रक्ताचा पैसा आहे, तेव्हा ती दुसऱ्या एका धर्मगुरूकडे जाते आणि तो तिला राहायची वाट काढून देतो. मला हे चर्चची निंदा वाटत नाही, उलट मी ते बघून स्वतःच्या कन्फेशनबद्दल कितीतरी दिवस विचार करत होते, की मी जे दर वेळी तेच ते सांगून येते त्यातलं मी सोडलंय काय? असा प्रश्न मला एका रिट्रीटमध्येही कुणी इतक्या स्वच्छपणे विचारला नव्हता.

त्याच्या शेजारी द वेस्ट विंग ठेवून बघा. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कॅथलिक, देहदंडाची शिक्षा थांबवायची की नाही हे त्याच्या हातात, वेळ मध्यरात्रीपर्यंत. तो थांबवत नाही. मध्यरात्र होते, चिठ्ठी येते की काम झालं, आणि त्याचे म्हातारे पॅरिश प्रीस्ट त्याला विचारतात कन्फेशन करायचंय का. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस स्वतःच्या ऑफिसात गुडघ्यावर बसतो. त्याने चूक केली हे त्याला कळतंय, आणि ते कळणं त्याला फुकट मिळालेलं नाही. दोन सिरीज, दोन कन्फेशन, एकच संस्कार. एकीत तो झोप लागावी म्हणून घेतला जातो, दुसरीत झोप उडवतो.

टीव्हीला आपलं इतकं आकर्षण का, हाही प्रश्न तुमच्या पत्रात आहेच. मला वाटतं कारण साधं आहे, आपल्या धर्मात डोळ्यांना दिसण्यासारखं खूप आहे. धूप, मेणबत्त्या, रंगीत काचा, झगा, आणि सगळ्यात मोठं म्हणजे ते कन्फेशन बॉक्स. दिग्दर्शकाला आणखी काय हवं, अंधारात दोन चेहरे, मध्ये जाळी, आणि एक माणूस त्याच्या मनातलं सगळ्यात खोल गुपित बोलतोय. १९७० च्या दशकात कन्फेशनचा विधी नव्याने मांडला गेला तेव्हापासून समोरासमोर खुर्चीत बसूनही करता येतं आणि खूप जण तसंच करतात, पण टीव्हीवर तुम्हाला कायम ते लाकडी कपाटच दिसेल. त्यात चुकाही होतात. डेअरडेव्हिल, २०१५ ची, तिच्या पहिल्याच भागात नायक कन्फेशनला जातो आणि म्हणतो की मी केलेल्या पापांची माफी मागत नाहीये, पुढे जे करणार आहे त्याची मागतोय. तुम्ही लगेच म्हणाल असं होत नाही, पश्चात्ताप आधी हवा. बरोबर, आणि सिरीजमधले फादरही त्याला तेच सांगतात! भुतं काढण्याच्या सिरीजमध्ये मात्र कुणीही फादर बॅग उचलतो आणि निघतो, बिशपच्या खास परवानगीशिवाय ते करताच येत नाही याचा बऱ्याचदा पत्ताच नसतो.

हे सगळं तुम्हाला माहितीये ना? मग हाच तुमचा दरवाजा आहे. तुमच्या मुलीच्या ओळखीत या गोष्टी आतून माहीत असलेलं, त्या जगून बघितलेलं माणूस म्हणजे तुम्ही आहात. तिला इंटरनेटवर हजार रिव्ह्यू मिळतील, पण दर महिन्याला त्या बॉक्ससमोरच्या रांगेत उभं राहिल्यावर पोटात कसं होतं हे सांगणारं कोण मिळणार आहे.

आता ती तुमची आवडती सिरीज. कॉल द मिडवाइफ, २०१२ मध्ये सुरू झालेली, लंडनच्या पॉपलरमधल्या सिस्टरांची. ताई, त्या सिस्टर आपल्या नाहीत, त्या अँग्लिकन आहेत, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या. ज्या खऱ्या संस्थेवरून ती गोष्ट घेतली तीसुद्धा अँग्लिकनच. पोशाख, प्रार्थनेच्या वेळा, गाणं, सगळं इतकं आपल्यासारखं आहे की पुष्कळ कॅथलिकांची ही गल्लत होते, माझी पण झाली होती. याने त्या सिरीजवरचं तुमचं प्रेम कमी व्हायचं काही कारण नाही. पण बघा ना, जे चांगलं दिसलं ते आपण लगेच आपलं म्हणून घेतलं, आणि जे लाज आणणारं दिसलं ते टिंगल म्हणून बाजूला सारलं. मुलीला आपल्यातलं हेच खुपत असेल का, एवढा विचार करून बघा.

कारण लाज आणणारं सगळंच खोटं नसतं. आयर्लंडमध्ये सरकारी टीव्हीवर रोज संध्याकाळी सहाला अँजेलसची, म्हणजे मरियेच्या प्रार्थनेची, घंटा वाजते, १९६२ पासून, बातम्यांच्या आधी एक मिनिटभर. त्याच चॅनेलवर १९९९ मध्ये मेरी रॅफ्टरी या पत्रकार बाईने धार्मिक संस्था चालवत असलेल्या मुलांच्या शाळांमध्ये काय चालायचं त्याची डॉक्युमेंटरी मालिका दाखवली, मारहाण, उपासमार, लैंगिक अत्याचार. ती चालू असतानाच पंतप्रधानांना देशाच्या वतीने त्या माणसांची माफी मागावी लागली, चौकशी आयोग बसला, त्याचा अहवाल २००९ मध्ये आला. त्या मुलांचं कुणी ऐकलं नव्हतं, टीव्हीने ऐकलं. एकाच पडद्यावर घंटा पण आणि ते सत्य पण, आणि मला मनापासून वाटतं की दोन्ही ऐकणारा माणूसच खरा श्रद्धाळू.

या विषयावर एक सिरीज मी तुम्हा दोघींना सुचवणार आहे, ब्रोकन, बीबीसीची, २०१७ ची, सहाच भाग. शॉन बीन इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गरीब वस्तीतला फादर झालाय. लहानपणी त्याच्यावर अत्याचार झालेत, आणि मिस्सामध्ये पवित्र भाकर हातात घेऊन वर उचलायची वेळ आली की नेमकं तेव्हाच ते सगळं त्याच्या डोळ्यांसमोर येतं. हात थरथरतात. आपण या जागेच्या लायकीचे नाही म्हणून तो सगळं सोडायच्या बेतात येतो. आणि शेवटच्या भागात लोक कम्युनियनला रांगेने त्याच्यासमोर येतात आणि आमेन म्हणून झाल्यावर एकेक जण त्याला सांगतो की तू किती चांगला फादर आहेस. त्या रांगेत माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं थांबेना. आणि दुसऱ्या रविवारी आमच्या चर्चमध्ये रांगेत असताना मी पहिल्यांदा फादरांच्या हातांकडे बघितलं, इतकी वर्षं फक्त होस्तियाकडे, त्या पवित्र भाकरीकडे, बघत आले होते.

टिंगलीबद्दल एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. १९९७ मध्ये अमेरिकेत एबीसी चॅनेलवर नथिंग सेक्रेड नावाची सिरीज आली, एका शहरी पॅरिशमधल्या तरुण फादरची, ज्याला शंका पडतात, राग येतो, तरी तो टिकून राहायचा प्रयत्न करतो. एका कॅथलिक संघटनेने तिच्याविरुद्ध मोहीम उघडली, जाहिरातदार मागे हटले, आणि सिरीज एका सीझनमध्ये संपली. तिच्या लेखकांतला मुख्य माणूस स्वतः जेझुइट फादर होता, टोपणनावाने लिहीत होता! म्हणजे आतल्या माणसाने आतलं दुखणं प्रेमाने मांडलेलं, आणि आतल्याच माणसांनी ते बंद पाडायला जोर लावला. त्या सिरीजला पुढे पीबॉडी पुरस्कार मिळाला, पण बघायला भाग नव्हते. प्रत्येक विरोध चुकीचा असतो असं मी म्हणत नाही, १९८३ मध्ये एका फादरच्या प्रेमप्रकरणाची मोठी मालिका अमेरिकेत होली वीकमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, लावली तेव्हा तिथल्या बिशपांकडून आक्षेप आला, तो मला पटतो, वर्षातले ५१ आठवडे मोकळे होते. पण बघून मग विरोध करणं वेगळं आणि शेवटचं एक मिनिट बघून करणं वेगळं.

बरं, आणखी एक, जेन द व्हर्जिन नावाची सिरीज तुमची मुलगी बघत असेल तर (बहुतेक बघितली असणार) तिच्या पहिल्याच सीनबद्दल बोला. लहान जेनच्या हातात आजी एक पांढरं फूल देते आणि म्हणते चुरगळ. ती चुरगळते. आता परत होतं तसं कर. ते काही होत नाही. तुझं कौमार्य असं आहे, आजी सांगते. ही आजी वाईट नाही, सिरीजमधलं ते सगळ्यात प्रेमळ माणूस आहे, रोजरी घेऊन प्रार्थना करणारं, पण ते चुरगळलेलं फूल त्या मुलीच्या डोक्यात मोठी होईपर्यंत राहतं. मी हे बघून माझ्या मुलीला विचारलं होतं की मी तुझ्या हातात असं कुठलं फूल दिलं गं. उत्तर ऐकायला सोपं नव्हतं. तुम्हीही विचारा, पण उत्तर आलं की मध्ये बोलू नका, समजावू नका, नुसतं ऐका.

रडण्याबद्दल बोलायचं राहिलं. चर्चमध्ये रडू येत नाही यात तिची श्रद्धा मेली असं काही नाही. चाळीस मिनिटांच्या भागात संगीत, प्रकाश, दोन वर्षांचं दुःख, सगळं दाबून भरलेलं असतं, रडू यावं म्हणूनच ते तसं बांधलेलं असतं. मिस्सा तशी बांधलेली नाही, ती रोज तीच असते, तुम्ही आनंदात असाल तरी तीच आणि मयताला आला असाल तरी तीच. तुम्ही इतकी वर्षं जाताय, दर रविवारी रडता का? नाही ना. मग तिला हे कुणी सांगितलंय का की आईलाही कंटाळा येतो, आईचंही लक्ष प्रवचनात भाजीकडे जातं, आणि तरी आई का जाते? मला खात्री आहे तुम्ही तिला मिस्साला चल असं शेकडो वेळा म्हणाला असाल, मी का जाते हे एकदाही सांगितलं नसेल. मी तरी माझ्या मुलांना कितीतरी वर्षं सांगितलं नव्हतं.

माझी आई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती. रविवारी तिच्यासाठी टीव्हीवर मिस्सा लावायचे आणि मी आत कामाला जायचे, मला वाटायचं ही खरी मिस्सा थोडीच, स्क्रीनच तर आहे. आई मात्र प्रत्येक उत्तर मोठ्याने द्यायची, आणि शांतीची खूण द्या असं टीव्हीवरचे फादर म्हणाले की ती हात पुढे करायची. खोलीत कुणी नसायचं. हात तसाच चादरीच्या वर थोडा वेळ धरलेला असायचा आणि मग ती खाली ठेवायची. हे मी एकदा दारातून बघितलं. त्यानंतर मी तिच्या शेजारी बसायला लागले. टीव्हीची संरक्षक संत कोण आहे माहितीये का तुम्हाला, असिसीची संत क्लारा, पोप बाराव्या पायस यांनी १९५० च्या दशकात तिला ते स्थान दिलं. का, तर म्हातारपणी ती इतकी आजारी होती की ख्रिसमसच्या रात्रीच्या मिस्साला जाता आलं नाही, आणि पडल्या पडल्या तिला ती मिस्सा दिसली आणि ऐकू आली. आईला ही गोष्ट फार आवडायची.

तर असं करा. आज उद्यात कधीतरी, ती एकटी असताना, तिच्या दारावर टकटक करा. आधी लॅपटॉप बंद केल्याबद्दल आणि जे बोललात त्याबद्दल सॉरी म्हणा, त्याला पण-बिण काही जोडू नका. मग म्हणा, तो भाग मला पहिल्यापासून दाखव. ती लाजेल, कदाचित नाही म्हणेल, चुंबनाचा सीन आईबरोबर कोण बघतं. तर म्हणा तिथपर्यंतच दाखव, तुला जिथे रडू आलं तिथपर्यंत. संपल्यावर लगेच काही विचारू नका. तीच काहीतरी बोलेल. नाही बोलली तर दुसऱ्या दिवशी दोघी मिळून त्या मिडवाइफ सिस्टरांचा राहिलेला भाग लावा आणि तिला सांगा की अगं या आपल्या नाहीत, अँग्लिकन आहेत, मला आत्ताच कळलं. ब्रोकन थोडं नंतर, ती फार जड आहे, एका रात्री एकच भाग.

आणि रविवारी मिस्साला जाताना तिला चल म्हणू नका, निदान महिनाभर. नुसतं सांगून जा, मी जाऊन येते.

महिन्याभराने मला परत लिहा, तिने तुम्हाला काय दाखवलं ते.